उमापूरचे मुराळी

चि. पंचशीलास, जावईबापूंना आणि तुमच्या घरात नुकत्याच रुजू झालेल्या लहान मालकीणबाईंना नेकनूरहून ज्ञानोबाकाकाचा जयभीम. माझे गुडघे सोडले तर इकडं सगळे खुशाल. बाळी झोपू देते का? (देत नसेल तर आपल्याच घराण्याची समज.)

तू फोनवर म्हणालीस, बाळीला पणजीचं नाव द्यायचंय, पण पणजी मूळची कोणाची? माझी आजी गोदाबाई निजामाच्या राज्यात उमापूरहून इथं नांदायला आली, एवढंच आपल्याला ठाऊक. आईबाप गेल्यावर तिला माहेरी न्यायला मुराळी कधी आलाच नाही. म्हातारपणीसुद्धा एस.टी.चा आवाज आला की ती पदर सारखा करायची. तेवढ्यासाठी मी उमापूर गाठलं.

तिथं समाजमंदिराच्या ओट्यावर बसून (नवा सदरा घालून, ही चूक) विचारलं, "इथली गोदाबाई नेकनूरला दिलती, तिचं घर कोणतं?" झालं! लेकीचा नातू रानात हिस्सा मागायला आलाय, अशी आवई उठली. माझा चहा संपेपर्यंत उमापुरात गोदाबाई नावाची बाई कधी जन्मलीच नव्हती. एकानं तर स्वतःच्या चुलतीचं नाव गोदा न्हाई म्हणून शपथ घेतली, आणि ती गोदा मागंच उभी!

शेवटी छबुबाई नावाच्या, माहेरीच राहिलेल्या म्हातारीनं मला झाडलं. "येडा हाय का बाबा तू? गोदा तुमी ठिवलेलं नाव. सासरच्या नावानं माहेरात लेक हुडकतो व्हय?" मी म्हणालो, रान नको मावशी, नुसतं नाव द्या. तशी ती खालीच बसली. म्हणाली, "माझ्या बापाची बहीण, धोंडी आत्या. नेकनूरलाच दिलती. बा तिला आणू आणू म्हणत गेला." आधीची लेकरं जगली नव्हती, ही तरी दगडासारखी टिकावी म्हणून धोंडी. आणि लई टिकली बघ! म्हणून तर तू, मी आणि मालकीणबाई आहोत.

नाव पसंत नसेल तर मोकळेपणानं कळव. मी मनाला लावून घेणार नाही (फक्त दोन दिवस जेवणार नाही).

तुझा,
ज्ञानोबाकाका

ता.क. बरं, नाव तुला हवं ते ठेव. धोंडी मला हाक मारायला राहू दे.

आणखी ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. छबुबाई म्हणाली, बाळी आमची लेक, तिला माहेरी आणलं पाहिजे. मी भरात "न्या की!" म्हणून गेलो. रविवारी ती दोन भाच्यांना घेऊन, खण-चोळी घेऊन पुण्याला तुझ्या दारात येतेय. तुमच्या वॉचमनला आधीच सांगून ठेव, ही माणसं हिस्सा मागायला आलेली नाहीत. मुराळी आहेत. जरा उशीर झालाय त्यांना.