हाडाला लावलेली खळ

कणकुंबी, ६ जानेवारी २०२५

ती. मंजुश्रीआक्कास, किशनचा शि. सा. न. वि. वि.

दहा महिने आज लिहितो, उद्या लिहितो करत टाळलं. इथं रेंज न्हाय, ही सबब बरी सापडली. मष्णूच्या हॉटेलात भजी तळतो. काल लिहायला बसलो तर रस्त्यावर गवा आलता; बघायला गेलो, त्यातच दिवस गेला.

आता सांगून टाकतो. त्या दिवशी मागावरची, उडालेला धोटा अडवणारी जाळी मीच काढलेली. तुटलेलं सूत जोडताना सारखी आड येत होती. मग चहाला गेलो, बसवायची राहिली. धोटा उडाला नि तुझ्या डोळ्याखालचं हाड मोडलं. मी दवाखान्याच्या दारातनंच पळालो. आपल्या आप्पांना हे सांगू नकोस.

आपल्या गल्लीतला भरमा टेम्पो घेऊन आलता. म्हणाला, तुझ्या गालात चिनीमाती बसवलीय. व्हय? हसलीस तर तडकत न्हाय ना?

रागव, पण तोडू नकोस.
किशन

वडगाव, बेळगाव, १५ जानेवारी

चि. किशन यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

कपबशी न्हाय रं बसवली! हाडासारखीच, बारीक भोकांची पांढरी वडी आहे. भोकांतनं आपलं हाड वाढतं नि वडी हळूहळू विरते, असं डॉक्टर म्हणाले. आप्पांना पटेना. मग मी सांगितलं, आपण ताण्याच्या सुताला खळ लावतो तसंच. विणून होईपर्यंत सूत धरायचं, मग धुऊन जायचं. तेव्हा मान डोलावली. तरी परवा स्कॅनमध्ये वडी पातळ दिसली, तर विरघळली, दुसरी बसवा म्हणून दवाखाना डोक्यावर घेतला. डॉक्टर हसले. तिथं हाड भरलंय. मार लागल्यापासून मला साडीच्या एका काठाचे दोन दिसायचे, आता एकच दिसतो.

जाळीचं आप्पांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. खिळ्यावरच्या तुझ्या शर्टात तिचे बोल्ट सापडले. ज्यानं काढली त्यानंच बसवायची म्हणतात. माग तेव्हापासून बंद आहे. तुझं नावसुद्धा घेत न्हाईत.

माया आहे तशीच आहे. ये.
तुझी आक्का

कणकुंबी, २४ जानेवारी

ती. आक्कास नमस्कार.

पत्र चारदा वाचलं. रविवारी येतो म्हणणार होतो, पण आप्पांपुढं उभं राहायचं धाडस न्हाय. गेल्या रविवारी खानापूरपर्यंत आलतो, तिथं कुस्त्या लागल्या होत्या, बघून परत फिरलो. खरं सांगायचं तर कुस्त्या नसत्या तरी फिरलोच असतो. आणखी महिनाभर…

थांब. मष्णू हाका मारतोय. बेळगावची बस आलीय. आप्पा उतरलेत, एकटेच. काखेत जाळी आहे. मष्णूला विचारतायत, बोल्ट आवळायला पान्हा आहे काय म्हणून.