फटीतली चोच

१४ मार्च, लालबाग

गावाहून चुलतभाऊ बाळाचा फोन. आमच्या सामाईक डोंगरावर रबर लावणार, उद्या उजाडताच झाडं पाडणार. आणि तिथल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसलीय! ढोलीचं तोंड लिंपलेलं, पिसं झडलेली, फटीतून चोच तेवढी दिसते. नर चारा आणतो म्हणून जगतेय.

"थांबव!" मी ओरडलो.

"गणपतीक इल्लंस तेवा तूच सही केलंस ना?"

केली, रबराच्या संमतीपत्रावर. आरतीची घाई होती, सगळ्या भावांनी केली म्हणून मीही केली. वाचलंसुद्धा नाही. आणि लोकांना जंगल दाखवत फिरतो मी! आता माझी एकट्याची सही मागे घेऊन काय होणार?

हीच ढोली दाखवायच्या माझ्या शनिवारच्या ट्रिपच्या ग्रुपवर दादरच्या एका बाईंनी आत्ताच विचारलंय, "चोच नक्की दिसेल ना?"

काय लिहू?