अर्धा तास बाकावर

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पाय. पन्नाशीला टेकलास, आता सुधारशील ही आशा मी सोडली आहे.

कंपनीच्या डॉक्टरांना तुला सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासायचं असेल, तर निमूट चाल. बसल्या जागी रक्तदाब ठीक म्हणजे सगळं ठीक, हे तत्त्वज्ञान मला ऐकवू नकोस. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लिफ्ट बंद असतानाच जिने चढावे लागतात. हरणी लिहिते की तिसऱ्या मजल्यावर तू पाना शोधायच्या निमित्ताने थांबतोस. तुझ्या लेकीला डोळे आहेत.

बाबांची रीत मात्र विसरू नकोस. तपासणीआधी अर्धा तास बाकावर डोळे मिटून बसायचं, शंभरापासून उलटे आकडे मोजायचे. डॉक्टरपुढे धापा टाकत जाणं आपल्या घराला शोभत नाही.

माया आहे म्हणून रागावते, एवढं ध्यानात असू दे.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझी शाळा सुटली, छडी काही सुटली नाही!

अर्धा तास बसलो, आकडे दोनदा मोजले. नर्सबाई म्हणाल्या, हा रक्तदाब विशीतल्या पोराला शोभेल. मग डॉक्टरांनी घरातल्या दुखण्यांचं विचारलं. मी सांगितलं, कुणाला काही नाही. वडील दमून गेले, जिन्यावर बसले ते उठलेच नाहीत. मी अकरा वर्षांचा असताना तूच तसं सांगितलं होतंस. डॉक्टर म्हणाले, मग पट्ट्याची घाई नाही, पुढच्या वर्षी बघू.

नापास झालो असतो तर हत्यारं काढून घेऊन मला टेबलामागे बसवलं असतं. तुझ्या अर्ध्या तासाने वाचवलं बघ. हरणी धावण्याच्या संघात निवडली जाईल असं दिसतं. तिचे पाय माझ्यावर गेलेत, तोंड तुझ्यावर.

अशीच रागावत राहा.

धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच.

बाबा दमून गेले नाहीत. त्यांना रक्तदाब होता, हृदयही थकलं होतं. आजोबांचंही तेच झालं. डॉक्टरांची चिठ्ठी मी शिवणयंत्राच्या खणात लपवली. तू आईविना पोर, जिना दिसला तरी रडायचास. तुला घाबरवू नये म्हणून दमणं सांगितलं, आणि खरं सांगायचं वर्षानुवर्षं राहून गेलं. बाकावर बसायची युक्तीही बाबांनी, कुणी आपल्याला कामावरून काढू नये म्हणून, शोधली होती. मी तिला शिस्त म्हणत आले.

तार करणार होते, पण असलं तारेत कसं लिहायचं? चिठ्ठी सोबत आहे. डॉक्टरांना दाखव आणि पट्ट्यावर चाल. तोवर जिना चढू नकोस. एवढं ऐक.

ताई

१९ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

तार मिळालीच असेल. तुला यायला दोन दिवस लागले असते, म्हणून अग्नी द्यायला थांबलो नाही.

तुझं पत्र काल दुपारी आलं. बाबा सकाळीच गेले होते. चौथ्या आणि पाचव्या मजल्यामधल्या वळणावर ते बसलेले सापडले, पाना हातात. लिफ्ट बंदच होती, म्हणून चौघांनी त्यांना जिन्याने खाली आणलं.

पत्र त्यांच्या नावाचं होतं, तरी मी फोडलं. तुझ्यावर रागावले आहे की नाही, मला कळत नाही. महिनाअखेरीस संघाची तपासणी आहे. घरात कुणाला काही आहे का, असं विचारतील. खरं सांगितलं तर संघातून काढतील. काय सांगू?

हरणी

२५ मार्च

चि. हरणीस,

राग कळेल तेव्हा लिही. हातचं राखू नकोस.

परवा मी तपासून घेतलं. दाराशी बाक होता. बसले नाही. जिना चढून तडक आत गेले आणि पट्ट्यावर उभी राहिले. तिसऱ्या मिनिटाला डॉक्टरीणबाईंनी पट्टा थांबवला. बसून मोजल्यावर नेहमी सरळ येणारा माझा रक्तदाब चालताना कुठच्या कुठे गेला होता. गोळ्या सुरू झाल्या. सोबतचा आकड्यांचा कागद तुझ्या आजोबांच्या चिठ्ठीला टाचून ठेव.

विचारतील तेव्हा पणजोबा, आजोबा, बाबा, आत्या, असं क्रमाने सांग. धावायचं की नाही, किती धावायचं, ते डॉक्टर ठरवतील. संघातून काढलंच तर माझ्याकडे ये. मला कुणाची समजूत घालता येत नाही, पण शेजारी बसता येतं.

माझ्या अर्ध्या तासाने वाचवलं, असं त्याने लिहिलं होतं. ते पत्र मी टेबलावर, समोरच ठेवलं आहे.

तिथेही दाराशी बाक असेल. बसू नकोस.

तुझी आत्या