उलटी पाव फेरी

टाकीचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून मिटला की ‘फस्स’ असा आवाज होतो. तोंडाशी अडकलेलं पाणी उडून जावं म्हणून आम्ही पाणबुडे तसं करत असू. बाविसाव्या वर्षी धक्क्यावर तो प्रथम ऐकला, तेव्हा कविता सुरू करण्याआधी शाळेतले गुरुजी घेत तो श्वास मला आठवला. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी खुशीत, कोणी मागे न लागता मी ही शेवटची इच्छा लिहीत आहे. याआधी असा कागद केलेला नाही. स्मरणशक्ती शाबूत असल्याबद्दल आमच्या हिला विचारावे. माझ्या पाठ कविता ऐकून ती कंटाळली आहे.

१. राहते घर, चीजवस्तू आणि बँकेतील शिल्लक पत्नीची. तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांची निम्मी निम्मी. खिडकीतली आरामखुर्ची तिने दुसऱ्याच दिवशी हलवली तरी हरकत नाही. चाळीस वर्षं ती तिच्या वाटेत आहे.

२. ॲल्युमिनियमच्या चार सुट्या टाक्या मुलाला. तो हौशी मंडळींना उथळ पाण्यात मासे दाखवतो, त्याला त्या पुरेत.

३. पोलादी जोड टाक्या मुलीला. बुडालेल्या जहाजांच्या मोजणीसाठी ती आता चाळीस मीटरखाली जाणार. दुकानदाराने तिला हलक्या म्हणून ॲल्युमिनियमच्या सुचवल्या आहेत. पोरी, ती टाकी संपत आली की तरंगायला बघते, आणि वर येताना जिथे एका जागी स्थिर थांबायचं, नेमकी तिथेच तुला वर ओढते. पोलाद तसं दगा देत नाही. व्हॉल्व्ह आट्यांचा घे, तोंडाकडे हवा आणणारा रेग्युलेटर त्यात फिरवून घट्ट बसतो. वरून आवळायचा शिकंजा कशावर आपटला तर सरकतो. दोन टाक्यांना जोडणाऱ्या नळीवर मधला व्हॉल्व्ह हवाच. एका बाजूने गळती लागली तर तो मिटायचा, निम्मी हवा तरी आपली राहते.

अट एकच. टाक्या पाठीवर बांधून, डोळे मिटून, तिन्ही व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने उघडता-मिटता आले तरच ताबा मिळेल. बासष्टाव्या वर्षी माझा हात मानेमागे पोचेना, त्या दिवशी मी खोल पाणी सोडलं. हळहळलो नाही. पुष्कळ बघून झालं होतं.

४. शाळेतली कवितांची पुस्तकं नातीला. समासातली शाई माझी आहे, ती खोडू नये.

५. माझ्या पाण्यातल्या जोडीदाराला, ज्याला सारा धक्का ‘भाता’ म्हणे कारण तो आमच्या दीडपट हवा ओढायचा, पुढील मजकूर आणि डब्यातला त्याच्या जुन्या टाकीचा पितळी व्हॉल्व्ह द्यावा.

आमच्यात रीत होती : व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, मग अडकू नये म्हणून पाव फेरी मागे. पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने तो तपासायचा. एकतीस वर्षांपूर्वी त्या सकाळी पाणी काचेसारखं होतं आणि माझ्या मनात सहावीतली एक कविता घोळत होती. तिच्या तालावर मी भात्याचा उघडा व्हॉल्व्ह पूर्ण मिटला आणि पाव फेरी उघडला. काटा भरलेली टाकी दाखवत होता. वर तेवढी हवा पुरली. खाली पुरेना. त्याने माझी बाही धरली, मी त्याला माझी हवा दिली, त्याच्या मानेमागे हात घातला आणि उघडू लागलो तर व्हॉल्व्ह फिरतच राहिला. तेव्हाच मला कळलं.

होडीवर सगळे म्हणाले, “भात्या, टाकी प्यायलास की काय?”

तो हसला. “फुप्फुसं नाहीत बाबा, घागरी आहेत.”

मी गप्प राहिलो. आपण घाबरलो, असं तो तेव्हापासून मानतो. दहा मीटरच्या खाली परत गेला नाही. दूरच्या गावी जाऊन शेगड्या दुरुस्त करत बसला. तो घाबरला नव्हता. त्याला हवा मिळत नव्हती, आणि ती मी बंद केली होती. माझ्या पश्चात धक्क्यावरच्या जुन्या मंडळींपुढे हे कलम मोठ्याने वाचावे.

तेव्हापासून माझ्या टाक्यांवर पाव फेरी बंद. पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण मिटा. मुलीनेही हेच पाळावे.

(कच्चा मसुदा मी परवा हिला वाचून दाखवला. ही भाजी निवडत होती. म्हणाली, “तुमच्या पश्चात? म्हणजे तो शिव्या घालणार आणि तुम्ही ऐकायला नाही. बरी सोय केलीत.” मी म्हटलं, “आता कोणत्या तोंडाने सांगू?” ती निवडलेली भाजी घेऊन उठली.)

वरील सर्व माझ्या हातचे आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करतो.

साक्षीदार : १. शेजारच्या निवृत्त औषधवाल्या बाई (सही)
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही)

लिहिणारा : एक पाणबुड्या (सही)

स्थळ : स्वयंपाकघरातले टेबल. १७ फेब्रुवारी, रविवार, सकाळ.

पुरवणी. सह्यांची शाई वाळायच्या आत बेल वाजली. चष्मेवाले उठू लागले, तर ही म्हणाली, “तुम्ही बसा, मी बघते.” दारात एक टक्कल पडलेला माणूस प्रवासाची पिशवी घेऊन, जिना चढून धापा टाकत उभा होता. मी त्याला लगेच ओळखलं.

“या भाऊजी,” ही म्हणाली. “फोनवर म्हटलं ना, ह्यांना तुम्हाला काहीतरी वाचून दाखवायचंय.”