उन्हातली खुर्ची

१४ जानेवारी, संक्रांत. आरमोरी.

वाचनालयाच्या पुस्तकात इंका लोकांचे सूर्याचे सण वाचले, तेव्हापासून जीव जळतोय. ते मेलेल्या राजांना सजवून उन्हात आणून बसवत, मक्याची दारू पाजत. त्या राण्यांचा हेवा वाटतो. त्यांचं माणूस सणाला तरी यायचं. आणि मी? शेजारची शोभा हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावून आली, विधवा म्हणून मला सोडून.

शेवटी यांचा स्वेटर चार वर्षांनी पेटीतून काढला, अंगणात खुर्चीवर उन्हात ठेवला. वेड लागलं का मला? तेवढ्यात शोभा कुंपणापाशी आली, हातात तिळगुळाचा एक लाडू.

"बाई, सेटर वाळवून राह्यल्या काय?"

"हो," म्हटलं. "अन् लाडू एकच काऊन आणला? दोन दे."