मिस्त्रींच्या सोळा मुलाखती

३ जानेवारी
पन्नाशी उलटल्यावर बी.ए.ला बसले, आता शेवटचं वर्ष. रिसर्च पेपर लिहायचाय. वर्गातली पोरं घाबरलीत. मी नाही. यांच्या सामानाला गुंडाळून आलेले कागद वाचत वाचत मी वाचायला शिकले, मला वीस पानांची काय भीती! विषय: शिलाई मशीनची दुरुस्ती. बाई म्हणाल्या, विषय आटोपशीर आहे, पण बोलणारा माणूस मिळेल का? म्हटलं, घरचेच मिस्त्री आहेत.
यांना जाऊन तीन वर्षं झाली. पण बाईंनी ते विचारलं नव्हतं.

५ जानेवारी
आराखडा तयार. महिन्यात पेपर हातावेगळा. रोज दुपारी चहानंतर यांच्या खोलीत बसायचं, प्रश्न विचारायचा, उत्तर लिहायचं. यात भुताखेताचं काही नाही. मी मोठ्याने विचारते आणि उत्तर यांच्या आवाजात येतं, इतकंच.

९ जानेवारी
पाचवी मुलाखत. सुई का तुटते यावर तासभर बोलले. जिवंतपणी जेवताना चार शब्द बोलत नसत. सुधारणा आहे.

१४ जानेवारी
लेकीचा फोन. प्रश्न विचारता विचारताच उचलला. आई, मघाशी कोणाशी बोलत होतीस? म्हटलं, सोर्सशी, तुझ्या बाबांशी. ती म्हणाली, आई, हे खोटं आहे गं. तिला रिसर्चमधलं काय कळतंय, ती बँकेत आहे.

२० जानेवारी
सोळा मुलाखती झाल्या. प्रत्येकीवर तारीख घातली म्हणून बाईंनी माझी वही वर्गभर फिरवली. फक्त मिस्त्रींच्या सहीचा संमतीचा फॉर्म हवाय. यांची सही मला येते. केली. जरा वाकडी आली. पेन खराब आहे.
बाईंनी वही वाचून एक प्रश्न वाढवला. दुरुस्ती झाली की हे सुईखाली कागद सरकवायचे आणि दोऱ्याशिवाय एक ओळ शिवायचे. ते कशासाठी? सोपं आहे. उद्या विचारते.

२१ जानेवारी
उत्तर नाही. दमले असतील.

२३ जानेवारी
बाकी सगळं सांगतात. तेल कुठलं, पट्टा किती ताणायचा. कागदाचं विचारलं की गप्प. आज विचारताना मशीनचं पायडल हललं. वारा असेल. खिडकी बंद होती. वाराच.

२६ जानेवारी
प्रश्न चिठ्ठीवर लिहून सुईखाली ठेवला. सोर्सला वेळ द्यावा लागतो.

३० जानेवारी
चिठ्ठी तशीच. ड्रॉवरमधून यांचे जुने कागद काढले, उजेडासमोर धरले. नुसत्या भोकांच्या ओळी. एकतीस वर्षं याच खोलीत मी भाजी निवडत बसायचे, आणि समोर हे असले कागद शिवायचे. एकदाही विचारलं नाही. पण तो मुद्दा पेपरचा नाही.

४ फेब्रुवारी
एक लक्षात आलंय. मला माहीत आहे तेवढंच हे सांगतात. योगायोग असेल.

६ फेब्रुवारी
बाईंच्या सांगण्यावरून दुसरा सोर्स. चौकातला मिस्त्री. यांचा हाडवैरी, एकमेकांच्या कामाला नावं ठेवण्यात दोघांची हयात गेली. बाईंचा नियम, ऐकलेला शब्द न् शब्द उतरवायचा. उतरवला. तो हसला. म्हणाला, अहो वहिनी, त्यात काय एवढं! सगळेच करतात. भोकं सरळ आणि सारख्या अंतरावर पडली म्हणजे सुई जाग्यावर. दोरा कशाला फुकट घालवायचा? मग हातातल्या तेलकट फडक्यानेच डोळे पुसले. म्हणाला, तीन वर्षं झाली त्याला जाऊन, अजून गिऱ्हाइकं मला ऐकवतात, तुझ्या हाताला ती सफाई नाही. मेला तरी पिच्छा सोडत नाही. सही दिली.
घरी येऊन यांना सांगितलं. लगेच म्हणाले, हो, तसंच असतं ते.
मग इतके दिवस?

१२ फेब्रुवारी
पेपर दिला. वेळेत. वर्गात सगळ्यांच्या आधी.

१५ फेब्रुवारी
बाईंनी वर्ग सुटल्यावर थांबवलं. चौकातल्या मिस्त्रीच्या बोलण्यातल्या एका वाक्याखाली पेन्सिलची रेघ होती. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. हळूच म्हणाल्या, काकू, मग या सोळा मुलाखती? म्हटलं, रोज दुपारी, चहानंतर. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. यांची सही केलेला फॉर्म त्यांनी मला परत दिला. म्हणाल्या, नापास नाही करत मी. फक्त जे तुमचं तुम्हाला माहीत होतं, ते तुमच्या नावावर लिहून आणा.

२१ फेब्रुवारी
संदर्भांच्या यादीतल्या सोळा ओळी खोडल्या. त्यांच्या जागी एक ओळ पुरली: लेखिकेची आठवण.
दुपारी चहा घेऊन खोलीत बसले. विचारण्यासारखं पुष्कळ सुचलं. हे कोणाकडे शिकले, पहिलं मशीन कोणाचं होतं. विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी
पेपर परत मिळाला. पास. शेवटच्या पानावर बाईंचा शेरा: संदर्भ आता बरोबर आहेत.