टेकडीवर नुसते दगड

लाडक्या दादा,

तू पाठवलेली मोटारवाली खुर्ची अंगणातच फिरवायची, असं तू बजावलं होतंस. आज मी ती टेकडीवर नेली! तिच्या जाडजूड चाकांनी खडी, चिखल, चढ कशालाच दाद दिली नाही. मी एवढी ओरडत होते की बकऱ्या पळाल्या.

माझे पाय चालत नव्हते, म्हणून लहानपणी तू एकटाच वर जायचास. उतरलास की मी विचारायचे, "काय आहे रे वर?"

"काही नाही गं, नुसते दगड."

खोटारड्या! वर केवढं तळं आहे! मला वाईट वाटू नये म्हणून इतकी वर्षं लपवलंस?

हे पत्र मी धाडणार नाही, उगाच काळजी करशील. संध्याकाळी फोनवर विचारशील, "कुठवर गेलीस?"

"फाटकापर्यंत. पुढे काय, नुसते दगड."

तुझी,
चिखलाने माखलेली धाकटी